विनामूल्य संकेतस्थळावर सगळ्या वर्गाने मिळून काम करायचे, तर कोणाला किती अधिकार द्यावेत?

प्रश्न: इतिहास-भूगोल शिक्षिका, सातारा जिल्हा

नमस्कार.

मी एका माध्यमिक शाळेत नववीला शिकवते. वर्गात ४६ मुले-मुली आहेत आणि ती आसपासच्या नऊ वाड्यांतून येतात. दोन वर्षांपूर्वी लिंब येथील बारा मोटेची विहीर पाहून परतताना एका मुलीने विचारले, की आमच्या वाडीतही पायऱ्यांची विहीर आहे, मग तिची माहिती कुठेच कशी लिहिलेली नाही? त्या प्रश्नातून आमचा प्रकल्प सुरू झाला. प्रत्येक वाडीचा एक गट आपल्याकडच्या जुन्या विहिरी आणि बारवा पाहतो, पायऱ्या मोजतो, मोटेची धाव (मोट ओढणाऱ्या बैलांची उतरती वाट) आणि थारोळे (मोटेचे पाणी जिथे ओतले जाते तो दगडी हौद) शाबूत आहे का ते नोंदवतो, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते हे वडीलधाऱ्यांना विचारतो आणि चित्र काढतो. पहिल्या वर्षी हे सगळे कार्डशीटवर लिहिले होते. प्रदर्शन संपल्यावर ती कार्डशीट कपाटावर गेली आणि पुढच्या वर्गाला त्यातले काहीही वापरता आले नाही. म्हणून गेल्या सत्रात एका विनामूल्य सेवेवर संकेतस्थळ तयार केले.

तिथे माझ्याकडून मोठी चूक झाली. घाईत मी एकच खाते उघडले आणि त्याचा पासवर्ड सगळ्या गटांना दिला. एका तासिकेत आठ संगणकांवर आठ गट एकाच वेळी लिहीत होते. कोणीतरी आपल्या पानाचा भाग सरकवताना शेजारच्या गटाचा मजकूर पुसला, आणखी कोणी सगळ्या संकेतस्थळाची रंगसंगती बदलली. मी घाबरून सकाळची आवृत्ती परत आणली, तेव्हा ज्यांचे काहीच बिघडले नव्हते त्या पाच गटांचे त्या दिवसाचे लेखनही गेले. एका मुलाने आजोबांशी तासभर बोलून मोटेच्या गाण्याच्या चार ओळी उतरवून आणल्या होत्या, त्या त्याला पुन्हा आठवून लिहाव्या लागल्या. त्याची समजूत घालताना माझ्याजवळ उत्तर नव्हते.

या वर्षी हे टाळायचे आहे. गटाला फक्त आपल्याच पानावर लिहिता येईल, पण इतरांचे वाचून त्यावर मत देता येईल, अशी व्यवस्था विनामूल्य सेवेत होऊ शकते का? निम्म्याहून अधिक मुलांकडे स्वतःचा ई-मेल नाही, घरी पालकांचा मोबाइल संध्याकाळी थोडा वेळ मिळतो. अनुभव असलेल्या शिक्षकांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: संगणक शिक्षक, नाशिक

मॅडम, आपली अडचण पासवर्डपुरती नाही, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

विनामूल्य संकेतस्थळ बांधण्याची बहुतेक साधने एका मालकाचे संकेतस्थळ डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली आहेत. गूगल साइट्सचे उदाहरण घ्या. शाळांमध्ये हेच सर्वाधिक दिसते, कारण त्यात जाहिराती नसतात आणि ते गूगल ड्राइव्हशी जोडलेले असते. त्यात आपण ज्याला संपादक म्हणून जोडता, त्याला सगळ्या पानांवर हात फिरवण्याचा अधिकार मिळतो. ‘हे पान या गटाचे, ते पान त्या गटाचे’ अशी लेखनाच्या अधिकाराची वाटणी तिथे होत नाही. जुनी आवृत्ती परत आणली, तर तीही संपूर्ण संकेतस्थळाची येते. पानांवर अभिप्राय लिहिण्याची सोयही त्यात नाही. म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी, स्वतःच्या पानापुरते लेखन आणि दुसऱ्याच्या लेखनावर मत, त्या साधनात थेट मिळत नाहीत.

यावर मी गेली काही वर्षे वापरत असलेला उपाय सांगतो. मुलांना संकेतस्थळाचे संपादक करूच नका. संकेतस्थळ आपल्याकडे आणि आणखी एका सहकाऱ्याकडे असू द्या. प्रत्येक गटासाठी एक गूगल डॉक उघडा आणि ते त्या गटाच्या पानावर ‘इन्सर्ट’मधून ड्राइव्हमार्फत बसवा. मुले डॉकमध्ये लिहितील आणि ते लेखन पानावर आपोआप दिसत राहील. डॉकला अधिकार वेगळे देता येतात: त्या वाडीच्या गटाला संपादनाचा, इतर आठ गटांना फक्त टिप्पणीचा. डॉकचा इतिहासही त्या डॉकपुरताच असतो, त्यामुळे एका गटाचे लेखन मागे नेले तरी बाकीच्यांचे काहीही जात नाही. आपल्याकडे त्या दिवशी झाले तसे नुकसान या रचनेत होऊच शकत नाही. शिवाय साइट्सचे संपादन संगणकावरूनच करावे लागते, डॉक मात्र मोबाइलवरच्या ॲपमध्ये व्यवस्थित लिहिता येते. आपल्या मुलांना संध्याकाळी पालकांचा फोन मिळतो, तेव्हा हा फरक फार महत्त्वाचा आहे.

पहिल्या वर्षी माझी फसगत झाली, ती एका बारकाव्यामुळे. संकेतस्थळ कोणाला दिसावे आणि त्यात बसवलेले डॉक कोणाला दिसावे, या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. संकेतस्थळ सर्वांसाठी खुले केले आणि डॉक खासगीच राहिले, तर पाहणाऱ्याला लेखनाच्या जागी परवानगी मागणारा कोरा चौकोन दिसतो. आपण स्वतःच्या खात्यातून पाहतो तेव्हा सगळे नीट दिसते, म्हणून हे लक्षात येत नाही. पान जाहीर करण्यापूर्वी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत (जिथे आपले खाते उघडलेले नसते) एकदा उघडून पाहावे. तसेच साइट्सच्या पानावर केलेला बदल ‘पब्लिश’ केल्याशिवाय वाचकांना दिसत नाही. मुलांना हे आधी सांगितले नाही, तर आपण लावलेला फोटो नाहीसा झाला असे त्यांना वाटते.

खात्यांचा प्रश्न अवघड आहे. ज्याच्याकडे दुवा असेल त्याला लिहिता येईल, अशी सोय डॉकमध्ये आहे आणि त्यासाठी खाते लागत नाही. पण तो दुवा व्हॉट्सॲपवर पुढे गेला की कोणीही मजकूर बदलू शकतो, आणि इतिहासात लिहिणाऱ्याचे नाव उमटत नाही. नाव उमटणे मला महत्त्वाचे वाटते. ते मुलांना पकडण्यासाठी नव्हे. शांत मुलीने लिहिलेले दोन परिच्छेद गटात जोराने बोलणाऱ्या मुलाच्या नावावर जाऊ नयेत, यासाठी ते हवे. शाळेचा स्वतःचा डोमेन (इंटरनेटवरचा शाळेच्या नावाचा पत्ता) असेल, तर मान्यताप्राप्त शाळांना गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशनची मूळ आवृत्ती विनामूल्य मिळते आणि प्रत्येक विद्यार्थ्याला शाळेचे खाते देता येते. डोमेनला वर्षाचा थोडा खर्च येतो. मुख्याध्यापकांपुढे हा विषय जरूर मांडावा.

शेवटची सूचना. प्रकल्प पूर्ण झाल्यावर बसवलेले डॉक काढून अंतिम मजकूर थेट पानावर उतरवावा. डॉकची चौकट मोबाइलवर अरुंद दिसते आणि तिच्या आत वेगळे सरकावे लागते. वाडीतील आजोबांना ते वाचता येणार नाही.

उत्तर: मराठी शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

सरांनी सांगितलेली रचना सुरक्षित आहे, यात शंका नाही. पण माझे मत थोडे वेगळे आहे. मुलांना प्रकाशनापासून पूर्णपणे दूर ठेवले, तर संकेतस्थळ शेवटी शिक्षकाचेच राहते आणि मुले केवळ मजकूर पुरवणारी होतात. लिहिलेले तपासणे, दुसऱ्याचे लेखन परत पाठवणे आणि ‘हे आता लोकांसमोर जाऊ शकते’ असा निर्णय घेणे, यातून मुले जेवढे शिकतात तेवढे नुसते लिहून शिकत नाहीत.

यासाठी मी वर्डप्रेस डॉट कॉमची विनामूल्य योजना वापरते. तिथे भूमिका वेगवेगळ्या आहेत. ‘कॉन्ट्रिब्युटर’ स्वतःचा लेख लिहितो आणि तपासणीसाठी पाठवतो, पण तो प्रसिद्ध करू शकत नाही आणि दुसऱ्याच्या लेखाला हात लावू शकत नाही. ‘एडिटर’ सगळ्यांचे लेख पाहतो, सुधारतो आणि प्रसिद्ध करतो. मी दर पंधरवड्याला एका गटाला संपादक मंडळ नेमते. पंधरवडा संपला की त्यांची भूमिका पुन्हा कॉन्ट्रिब्युटरची होते आणि पुढचा गट त्या जागी येतो. अधिकार हातात आले की मुले किती जबाबदारीने वागतात, हे मी पाहिले आहे. आपल्या वर्गात ज्या मुलाने चुकून दुसऱ्याचे पुसले, त्यालाच पुढच्या वेळी संपादक करून पाहावे, असे मी मनापासून सुचवेन.

यातही अडचणी आहेत. कॉन्ट्रिब्युटरला छायाचित्र चढवता येत नाही, ते संपादक मंडळाला करावे लागते. विनामूल्य योजनेत जागा १ जीबी आहे, म्हणून मोबाइलवरची मोठी छायाचित्रे आधी लहान करून घ्यावी लागतात. आणि पानांवर जाहिराती दिसतात, त्या निवडणे आपल्या हातात नसते. मुलांचे काम पाहायला पालक येतात तेव्हा मला हे खटकते. सरांची पद्धत या बाबतीत सरस आहे, हे मान्य करायला हवे.

साधन कोणतेही निवडा, पण टिप्पण्यांचा नियम आधी ठरवा, असा माझा आग्रह आहे. आमच्याकडे पहिल्या महिन्यात सगळ्या टिप्पण्या ‘छान’, ‘खूप सुंदर माहिती’ अशाच होत्या. मग मी ठरवले की प्रत्येक टिप्पणीत एक प्रश्न असला पाहिजे, आणि तो असा की त्याचे उत्तर शोधायला त्या गटाला पुन्हा उठून जावे लागेल. आपल्या प्रकल्पात कोणी लिहिले की विहिरीला २२ पायऱ्या आहेत, तर दुसऱ्या गटाने विचारावे: पाण्याखाली गेलेल्या पायऱ्या धरल्या आहेत का? मोजणी कोणत्या महिन्यातली? थारोळ्याच्या दगडावर दोराचे घासलेले खाचे किती आहेत? अशा प्रश्नांनी लेखन बदलते. वर्गाने मिळून काम करणे म्हणतात ते मला या जागी घडताना दिसते. एका वेळी आठ जणांनी एकाच पानावर टंकलेखन करण्यात मला ते कधी दिसले नाही.

प्रश्नकर्तीचा अभिप्राय

दोन्ही उत्तरांसाठी मनःपूर्वक आभार. ‘परत उठून जावे लागेल असा प्रश्न’ हा नियम मी उद्यापासूनच लागू करते. आठवी-नववीच्या मुलांची माहिती आणि छायाचित्रे सर्वांसाठी खुल्या संकेतस्थळावर ठेवणे कितपत योग्य, ही माझी आणखी एक शंका आहे. काही पालकांनी विचारणा केली आहे. दुसरे असे, की मराठी टंकलेखनात फार वेळ जातो. काही गटांनी गावातील छपाईच्या दुकानातून मजकूर टाइप करून आणला आणि तो संकेतस्थळावर चिकटवल्यावर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटली.

उत्तर: वकील आणि नववीतील मुलीची आई, पुणे

पालकांची शंका रास्त आहे. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षे पूर्ण न झालेल्या प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे आणि बालकाच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती हे त्या कायद्याचे मुख्य सूत्र आहे. कायद्याचा तपशील बाजूला ठेवला, तरी सत्राच्या सुरुवातीला पालकांकडून मराठीत लिहिलेले, एका पानाचे संमतिपत्र घ्यावे. त्यात कोणते संकेतस्थळ, कोणती माहिती, कोणाला दिसणार आणि नंतर काढून टाकायची असल्यास कोणाला सांगायचे, एवढे स्पष्ट असावे. गूगलचे खाते स्वतः चालवण्यासाठी भारतात वयाची अट १३ वर्षे आहे. नववीची मुले त्यात बसतात, पण हाच उपक्रम पुढे सहावीला करायचा झाला तर पालकांच्या देखरेखीखालील किंवा शाळेचे खाते लागेल.

संकेतस्थळावर मुलांची पूर्ण नावे देण्याची गरज नाही. ‘अमुक वाडी गट, इयत्ता नववी’ एवढे पुरेसे आहे. छायाचित्रांत विहीर असावी, मुलांचे चेहरे नसावेत. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात स्थानाची नोंद दडलेली असू शकते. विहिरीसाठी ती उपयोगी आहे, पण घराच्या अंगणात काढलेल्या छायाचित्रासाठी ती धोक्याची आहे, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ती बंद करून घ्यावी. बऱ्याच विहिरी खासगी शेतात असतात, तेव्हा शेतमालकाला आधी विचारावे. आणि विहिरीचा काठ ढासळलेला असतो. पायऱ्या मोजायला मुलांनी एकट्याने उतरू नये, सोबत मोठे माणूस असावे, हे संमतिपत्रातच लिहावे. एक आई म्हणून मला याची काळजी माहितीच्या सुरक्षिततेपेक्षा अधिक वाटते.

इंटरनेटवर शोधून मिळालेली चित्रे मुले सहज उचलतात, त्याविषयीही सांगते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थ्याने केलेल्या नकलेला सवलत आहे. वर्गात दाखवण्यापुरते ते चालते. पण तेच चित्र जगाला खुल्या संकेतस्थळावर ठेवणे ही निराळी गोष्ट आहे. आपल्या प्रकल्पात मुलांनी स्वतः काढलेले छायाचित्र आणि स्वतः रेखाटलेला आराखडा यांनाच खरी किंमत आहे. इतर चित्र लागलेच, तर विकिमीडिया कॉमन्स या मुक्त परवान्याच्या चित्रसंग्रहातून घ्यावे आणि चित्रकर्त्याचे नाव व परवाना खाली लिहावा.

उत्तर: मराठी विकिपीडियावर लिहिणारा, छत्रपती संभाजीनगर

टंकलेखनाबद्दल थोडक्यात. छपाईच्या दुकानात बहुधा श्रीलिपीसारखा जुना, युनिकोड (सर्व संगणकांवर सारखी वाचली जाणारी अक्षरपद्धत) नसलेला टंक वापरतात. त्यात अक्षर मराठी दिसते, पण आत साठवलेले असते इंग्रजी चिन्ह, म्हणून दुसरीकडे चिकटवल्यावर ते बिघडते. तो मजकूर रूपांतर करणाऱ्या साधनातून काढावा लागेल, आणि त्यानंतरही जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी लागतील. नव्या मजकुरासाठी मोबाइलवर जीबोर्डचा मराठी कीबोर्ड पुरतो. संगणकावर क्रोममध्ये गूगल डॉक उघडले, तर मराठीत बोलून लिहिण्याची सोय आहे. आजी-आजोबांच्या मुलाखतीचा पहिला खर्डा मुलांनी ऐकून, स्वतः बोलून उतरवावा. विरामचिन्हे मात्र नंतर हाताने द्यावी लागतात.

आपल्या प्रकल्पात ‘पायऱ्या’ हा शब्द शेकडो वेळा येणार, म्हणून तो मुद्दाम शिकवा. इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत शिफ्ट धरून इंग्रजी ‘J’ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो. त्याला हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि ‘य’ जोडला की ‘ऱ्य’ होतो. काही कीबोर्ड हेच रूप साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून तयार करतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात, त्यामुळे एकाने लिहिलेला शब्द दुसऱ्याला शोधून सापडत नाही. नऊ गटांनी सुरुवातीलाच एक पद्धत ठरवावी आणि थारोळे, धाव, मोट, रहाट, कोनाडा अशा शब्दांची एक सामायिक यादी वेगळ्या डॉकमध्ये ठेवावी. वाडीवाडीत याच वस्तूंना निराळे शब्द असतील, तर तेही त्याच यादीत वाडीच्या नावासह यावेत. मला स्वतःला ती यादी वाचायला फार आवडेल.

उत्तर: निवृत्त मुख्याध्यापक, कोल्हापूर

विनामूल्य सेवेचा भरवसा किती धरावा, याबद्दल दोन शब्द. जगभरचे शिक्षक वर्गाच्या कामासाठी विकिस्पेसेस वापरत होते. ती सेवा २०१८ मध्ये बंद झाली. जिओसिटीजवरची असंख्य घरगुती संकेतस्थळे २००९ मध्ये गेली. म्हणून दर सत्राच्या अखेरीस सगळ्या डॉकची पीडीएफ प्रत काढून शाळेच्या संगणकात आणि एका पेनड्राइव्हमध्ये ठेवावी आणि एक छापील, बांधलेली प्रत गावच्या वाचनालयात द्यावी.

संकेतस्थळाची मालकी कोणाच्या खात्यावर आहे, हेही पाहावे. शिक्षकाची बदली होते, तो निवृत्त होतो, आणि त्याच्या खात्याबरोबर मुलांचे काम अडकून बसते. माझ्या कार्यकाळात असे एकदा घडले आहे. शाळेच्या नावाचे खाते मालक म्हणून ठेवावे, त्याचा पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात असावा, आणि प्रभारी शिक्षकाला संपादक म्हणून जोडावे.

प्रश्नकर्तीचा अभिप्राय

सर्वांचे मनापासून आभार. आज सहकाऱ्यांशी बोलून असे ठरवले आहे. गूगल साइट्सवर शाळेच्या खात्यातून संकेतस्थळ, प्रत्येक वाडीचे एक डॉक, इतर गटांना टिप्पणीचा अधिकार. रत्नागिरीच्या मॅडमची संपादक मंडळाची पद्धत मला सोडवत नाही. म्हणून डॉक ‘तयार’ आहे की परत पाठवायचे, हे दर पंधरवड्याला एक गट ठरवेल, आणि मंजूर झालेला मजकूर पानावर उतरवण्याचे काम त्या गटातील दोन मुले माझ्या शेजारी बसून करतील. डोमेनचा अर्ज मुख्याध्यापकांकडे दिला आहे. तोपर्यंत प्रत्येक गटातील एका पालकाच्या संमतीने त्यांचे खाते वापरू. संमतिपत्राचा मसुदा आज रात्री लिहिते.

एक गोष्ट मात्र अडली आहे. एका वाडीच्या विहिरीबद्दल दोन घरांतून दोन निराळ्या हकिकती मिळाल्या आहेत. एका घरात ती देवळाबरोबर बांधली असे सांगतात, दुसऱ्या घरात ती दुष्काळात रोजंदारीवर खणली असे. गटात यावरून वाद झाला आणि दोन मुली एकमेकींशी बोलत नाहीत. पानावर कोणती हकिकत ठेवावी?

उत्तर: मराठी शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

दोन्ही ठेवाव्यात, एकाखाली एक, आणि प्रत्येकीच्या वर कोणत्या घरात, कोणत्या पिढीच्या माणसाने सांगितली ते लिहावे. त्या दोन मुलींना एकमेकींची हकिकत लिहायला द्या: जिच्या घरातली जी हकिकत नाही, ती तिने दुसरीच्या घरी जाऊन ऐकावी आणि उतरवावी. विहिरीच्या तोंडाशी शिलालेख किंवा दगडावर कोरलेला शक असेल, तर तोही दोघींनी मिळून वाचून आणावा. आमच्याकडे एका दीपमाळेच्या बाबतीत असेच झाले होते, आणि दोन्ही हकिकती शेजारी ठेवल्यावर लक्षात आले की एक मूळ बांधकामाची होती आणि दुसरी नंतरच्या दुरुस्तीची.